काकांचं जपानी वाक्य

आमच्या धाकट्या काकांइतका अक्षरांना जीव लावणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. पुणतांब्याच्या शाळेत ते भूमिती शिकवत, पण त्रिकोण काढता काढता मध्येच थांबून "ह्यो डोंगर हाय," असं स्वतःशीच पुटपुटत. हे वेड लावलं एका जपानी मुलीनं. नव्वदीच्या अखेरीस ती आमच्या वस्तीतल्या बायकांची गाणी टिपून घ्यायला आली आणि विहाराशेजारी काकांच्याच घरी राहिली. तिनं त्यांना चित्रासारखं दिसणारं डोंगराचं अक्षर दाखवलं, आणि काका गेलेच! लुनाच्या सीटवरच्या धुळीत डोंगर, ओल्या अंगणात डोंगर, भाकरीच्या पिठावर डोंगर. "आवो, निदान परात तरी सोडा," काकू म्हणायची.

एकटी परदेशी आली म्हणून मुलीचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. हे कळल्यावर काकांनी ती निघायच्या आधी तिच्याकडून जपानीत एक वाक्य लिहून घेतलं : तुमची लेक आमच्या घरी सुखात राहिली. हे इंटरनेटवर घालायचं, असं त्यांनी ठरवलं.

"त्यापरीस पत्र टाका की," काकू म्हणाली.

"पत्र येकटा म्हातारा वाचंल. मला हे साऱ्या जगाम्होरं म्हनायचंय."

मग दर रविवारी श्रीरामपूरचा सायबर कॅफे. वाक्य चढलं, पण मुलीनं कळवलं, इकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. पुढे त्यांना कुठंसं समजलं, की युनिकोड नावाच्या व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; पानात तो आकडा लिहिला, की पलीकडचा कॉम्प्युटर अक्षर ओळखतो. काका हरखले. डोंगर म्हणजे तेवीस हजार सहाशे पासष्ट! "आन आपला 'म' तेवीसशे पन्नास. येकाच गावचे की रं समदे!" अक्षरांचे छापील तक्ते मांडीवर घेऊन ते ओसरीत बसत आणि वाक्यातलं एकेक अक्षर हुडकत. कॅफेच्या कॉम्प्युटरमध्ये जपानी अक्षरांचं वळण, म्हणजे फॉन्टच, नव्हता, त्यामुळे तिथे शेवटपर्यंत रिकाम्या चौकटीच उमटल्या. काका त्यांच्याकडे संथ पाण्यात बघावं तसे बघत राहायचे.

एका संध्याकाळी शेजारच्या दुकानात मुलीचा फोन आला. मी काकांसोबत होतो. अक्षरं नीट दिसतायत आणि बाबाच ती वाचतायत, असं ती म्हणाली; तिच्या मागून एक थकलेला आवाज ते वाक्य सावकाश वाचत होता. मग वडिलांनीच फोन घेतला. काकांना जपानी कुठलं येतंय? ते म्हणाले, "जेवलात का?" पलीकडून म्हातारा काहीतरी बोलला. "व्हय, हिकडं बी थंडी पडलीय," काका म्हणाले. बराच वेळ दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिले. मध्ये पडावंसं ना तिला वाटलं, ना मला.