घरची हरकत

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवणारे सर फळ्यावर काटेकोर आकृती काढत, हातावरचा खडू झटकत आणि विचारत, "यावर घरच्यांची हरकत काय?" त्यामुळे त्यांचे नाव 'हरकतसर' पडले.

पद्धत अशी होती. आदल्या दिवशी शिकलेला सिद्धान्त घरात अशा माणसाला समजवायचा, ज्याने अर्थशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही. आणि त्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. "मान डोलावणारा श्रोता नको," सर बजावत. "भांडणारा शोधा." भाव वाढला की मागणी घटते, हे ऐकून आमच्या वर्गातल्या जोशीचे आजोबा म्हणाले होते, "मग सोनाराकडे आमची सून दर दिवाळीला काय करते?" त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास रंगला.

मी त्याच वर्षाला दुसऱ्यांदा बसले होते. पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, असे वडिलांनी बजावले होते. माझी आई चौथी शिकलेली. तिला काय समजवायचे, म्हणून मी बँकांच्या पतनिर्मितीवरची हरकत गाईडातून उतरवून नेली. सरांनी ती वाचली आणि हसून वही परत दिली. "तुमच्या आई 'तथापि' म्हणतात?"

त्या संध्याकाळी आई माशांना मीठ लावत होती. मी भीत भीत सांगितले, की बँक ठेवींतला थोडा भाग राखून बाकीचे पैसे कर्जाऊ देते. आईचा हात थांबला.

"म्हंजे माजेच पैशे दुसऱ्याक देतत, आनि माका सांगतत तुजेच आसत? ही लबाडी गो! सगळे एकाच दिवशी मागूक इले तर?"

मी वही उघडून पुन्हा पहिल्यापासून समजवू लागले. तीन संध्याकाळी आम्ही भांडलो. रोख राखीव निधी कशासाठी असतो, हे तिला पटवता पटवता मलाच प्रथम कळले. सरांनी तिची हरकत वर्गात वाचली आणि म्हणाले, "पुढचे दोन तास याच बाईंचे."

मी द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाले. पेढे द्यायला आई हट्टाने सोबत आली. सरांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. ती अवघडून टोकावर बसली, पण लगेच म्हणाली, "सर, फुडच्या वर्साक काय शिकवतलास? आदीच सांगा, मी हरकती काडून ठेवतंय."

सरांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम तिच्यासमोर उघडला.