विसूतात्या आणि ओहोटीची वेळ

माझी आणि श्री. विश्वनाथपंत लोवलेकर, म्हणजे आमचे विसूतात्या, यांची पहिली ओळख ओकारीतून झाली, हे गौरवग्रंथात लिहिणे बरे दिसत नाही. पण झाले ते तसेच. मुंबईची कारकुनी सुटून मी आगबोटीने परत आलो होतो. बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून धक्क्यावर पाय टाकला, तिथेच ओकलो आणि डोके धरून खाली बसलो. त्याच पडावातून विसूतात्यांची पाहुणेमंडळी उतरत होती. त्यांना सोडून तात्या आधी माझ्याकडे आले, कोटाच्या खिशातून आमसुलाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चोखत बसा. जमीन हलायची थांबेल थोड्या वेळानं." मग कोकणी माणसाचा पहिला प्रश्न आला, "कुणाचे आपण?" मी आजोबांचे नाव सांगितले. "मग मी अहोजाहो कशाला करतोय? ऊठ, आणि या बाईंची पिशवी घे." त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चालू लागलो, तो तीन वर्षे चालत राहिलो.

बोटीने किंवा घाटावरून मोटारीने येणाऱ्या मंडळींना एका दिवसात रत्नागिरी दाखवायची, हा तात्यांचा व्यवसाय. गावाला तो व्यवसाय वाटतच नसे. "रत्नागिरीत बघायचंय काय? समुद्र तर फुकट आहे," असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांतले काही या सत्कार मंडळावर आहेत. तात्या त्यांना उत्तर देत नसत. सकाळी किल्ला, भगवतीचे देऊळ, मग दीपगृह, दुपारी एखाद्या घरगुती खानावळीत पंगत, उन्हे कलल्यावर परदेशी राजाला अटकेत ठेवले होते तो वाडा आणि शेवटी भाट्याची पुळण, असा त्यांचा क्रम ठरलेला. एका वेळी सहा माणसे, सातवे नाही. "सातव्या माणसाकडे लक्ष जात नाही रे, ते मागं राहतं," असे ते म्हणत. एकदा एक मामलेदार आठ जणांना घेऊन आले, तेव्हा तात्यांनी हात जोडून दोघांना दुसऱ्या दिवशी बोलावले होते.

दुसरे वाटाडे जिथे तिथे लढाया आणि पुरलेली भांडी सांगत. तात्यांना ते जमत नसे. बुरुजावर उभे राहून कुणी विचारले, "इथं काय घडलं हो?" तर ते शांतपणे म्हणत, "मला ठाऊक नाही. वारा मात्र चांगला येतो." राजाच्या वाड्यापुढे एका शौकीन पाहुण्याने त्या राजाच्या बायकांवरून थट्टा केली. तात्या म्हणाले, "हळू बोलावं. दुसऱ्याच्या घरी आलोय आपण." घर रिकामे होते आणि राजा केव्हाच वारला होता. पाहुणे मात्र नंतर दिवसभर हळूच बोलत होते.

संगमेश्वराकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी कुणबीण एकदा त्यांच्या मागोमाग चालत आली. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत. तिला किल्ला नको होता, देऊळही नको होते. "माजा पोर ह्याच बोटीनं जातो काय वो?" एवढेच ती विचारत होती. त्या दिवशी मंडळी पाचच होती. तात्यांनी तिला सहावी धरले, बंदरावर नेले आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवले. मंडळी कुरकुरली. तात्यांनी क्षमा मागितली, पण पाऊल हलवले नाही.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर मंडळाचे चिटणीस खूश झाले असते. "गुरुजी, प्रसंग आनंदाचा आहे, आठवणी गोड द्या," असे त्यांनी मला बजावून ठेवले आहे. माझ्याजवळची खरी आठवण गोड नाही. तीही माझी आहे, तात्यांची नाही. गेली बारा वर्षे ती त्यांच्या नावावर चालली आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी कड्यात एक गुहा आहे. पूर्ण ओहोटीच्या सुमारास खडकांवरून तिच्या तोंडापर्यंत जाता येते. पाणी फिरायच्या आत बाहेर पडायचे, हा तात्यांचा नियम. ओहोटीची वेळ आपल्याकडे पोराटोरांनाही काढता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, तीत सहा तास मिळवले की ओहोटी. मी बरोबर असलो की तात्या सकाळी मला वेळ विचारत आणि मग घरी जाऊन स्वतः पंचांगात पाहून येत.

वैशाखातली गोष्ट. कऱ्हाडकडचे एक निवृत्त हेडमास्तर आपला मुलगा माधव आणि त्याचे तीन मित्र यांना घेऊन आले होते. त्या हेडमास्तरांना मी येथे दादासाहेब म्हणतो. मोटार लवकर आली, आणि तात्यांना घरी जायला सवड झाली नाही. "आज ओहोटी किती वाजता रे?" त्यांनी विचारले. त्या पक्षात एकादशी दोन दिवस आली होती. आमच्या घरी आदल्या दिवशी उपास झाला होता, म्हणून पंचांग न उघडता मी द्वादशी धरली. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. "तीनला," मी छातीठोकपणे सांगितले. प्रत्यक्षात एकादशीच चालू होती आणि पाणी सव्वादोनलाच फिरणार होते. समुद्राला आमच्या घरचा उपास ठाऊक नव्हता.

दादासाहेबांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते तात्यांबरोबर वर देवळात बसले. चौघा तरुणांना घेऊन मी अडीचला खाली उतरलो. पाणी अजून उतरते आहे अशा समजुतीने मी त्यांना गुहेच्या तोंडाशी खुशाल गप्पा मारू दिल्या. तीनला परत फिरलो तेव्हा वाटेतली चर भरली होती. तिघे उडी मारून अलीकडे आले. माधव बहिणीसाठी शिंपले गोळा करत मागे राहिला होता. त्याला लाटेने चरीत ओढले. मी पाण्यात उतरलो. एकदा त्याची बाही हाताला लागली, पुन्हा लागली नाही. त्याचे वय बावीस होते आणि समुद्र त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला होता. दादासाहेबांना वर जाऊन सांगितले ते तात्यांनी. मी खालीच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. फौजदारांनी विचारले, "वेळ कुणी काढली होती?" मी तोंड उघडले होते. तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काढली होती." मी तोंड मिटले. त्या दिवशीचे माझे कर्तृत्व एवढेच.

पुढे मी एकदा त्यांना विचारले, की असे का केलेत. "खोटं नाही बोललो मी," ते म्हणाले. "मंडळी माझी होती. तुझी वेळ पडताळून बघणं माझं काम. मी बघितली नाही." त्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही. फक्त ओहोटीची वेळ पुन्हा कधी विचारली नाही, आणि गुहेकडे मंडळी नेणे कायमचे बंद केले. मला मात्र घरी पूर्वीसारखेच जेवायला बोलावत.

गावाने आपले काम चोख केले. खानावळवाले पाहुण्यांना दुसऱ्या वाटाड्यांकडे धाडू लागले. बंदरावर तात्या दिसले की लोक आवाज उतरवून बोलत, आणि तो उतरवलेला आवाज बरोबर ऐकू जाईल अशा अंतरावर उभे राहत. ज्या माणसाने पंचवीस वर्षांत कुणाचा पाय मुरगळू दिला नाही, तो धक्क्यावर छत्री घेऊन उभा राही आणि रिकामा परत जाई. मला त्याच सुमारास शाळेत नोकरी लागली, ती तात्यांच्याच शिफारसपत्रावर. पत्रात त्यांनी माझ्याविषयी 'विश्वासू' असा शब्द घातला होता. मी ते पत्र स्वतःच्या हाताने शाळेच्या हेडमास्तरांना नेऊन दिले. लाज वाटली, पण दिले.

माधवच्या श्राद्धाच्या सुमाराला दरवर्षी दादासाहेबांचे पत्र येई. पहिली दोन पत्रे मी वाचली आहेत; एका बापाने लिहावीत तशीच ती होती. तात्या प्रत्येकाला उत्तर लिहीत, कधी दोन ओळींचे, पण लिहीत. पाचव्या वर्षी दादासाहेब स्वतः आले. दोघे म्हातारे किल्ल्यावर गेले आणि देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसले. मी थोड्या अंतरावर होतो. निघताना दादासाहेबांनी तात्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पंत, पाच वर्षं देवापुढं बसून एवढंच मागत होतो, की तुमच्यावरचा राग जावा. आज गेला."

त्यांची मोटार सुटायच्या आत सगळे सांगून टाकायचे, असे मी ठरवले. तात्यांनी मला रस्त्यातच अडवले. इतके कडक बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही. "एका माणसाला क्षमा करायला त्यांची पाच वर्षं गेली. आता दुसरा माणूस नेऊन उभा करतोस त्यांच्यापुढं? वय काय त्यांचं? तुझं मन हलकं होईल, त्यांनी काय करावं?" मी परत फिरलो. मला परत फिरायला आवडले, हेही आज कबूल करतो.

दादासाहेब गेल्या मार्गशीर्षात वारले. त्यांच्या मुलीचे कार्ड आले. तात्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच ते वाचून दाखवले. नात्याचे कुणी गेल्यासारखे त्यांनी उठून स्नान केले आणि ओल्या पंच्यानेच ओटीवर येऊन बसले. मी म्हटले, "तात्या, आता सांगू का?" ते म्हणाले, "आता कुणाला सांगणार?"

आज सांगतो: गावाला. तात्यांच्या खांद्यावर शाल घालायला जे पुढे येतील, त्यांनी ती कुणाच्या खांद्यावर घालतो आहोत, हे नीट समजून घालावी. वेळ मी काढली होती. पंचांग मी उघडले नव्हते. मंडळाला हा मजकूर गाळावासा वाटला तर त्यांनी पूर्ण लेख गाळावा. आमसुलाची पुडी तेवढी ठेवून बाकीचे कापू नये.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. मीही चिंततो, पण त्यात माझा स्वार्थ आहे. बारा वर्षे जवळजवळ रोज भेटून, त्यांच्या पानाला पान लावून जेवून, मी तात्यांची क्षमा कधी मागितलेली नाही. ज्या दोघांची मागायची, त्यांतले एक माझ्या उशिरामुळे निघून गेले. विसूतात्यांना परमेश्वराने उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे. क्षमा मागायला माझे आता तेवढे एकच माणूस उरले आहे.