एकाच फाँटचे दोन नमुने

मेहकरच्या प्रेसमध्ये मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर लावायची. पुस्तकाचं काम आलं तेव्हा मालक म्हणाले, "जानेफळच्या एका सरानं इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं हाये. तू इंग्लिश मीडियमची. त्यायले तुहा फाँट पसंत पडला, तर यापुढची पुस्तकं तुह्याकडे."

मला ती हवी होती. प्रेसमध्ये इंग्रजी सगळं टाइम्स या फाँटमध्ये लागायचं. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यासाठी आवळून बसवलेलं ते अक्षर. मी गॅरामंड निवडला. त्यातल्या अक्षरांच्या टोकांचे पाय नाजूक, पोटं मोकळी, पानभर वाचताना डोळा थकत नाही. आमच्या खरबरीत कागदावर बारीक रेषा तुटू नयेत म्हणून आकार जरा वाढवला. दोन्ही फाँटमधलं एकेक पान छापून मालकांना दिलं.

सर आले तेव्हा टेबलावर 'अ' आणि 'ब' अशी दोन पानं होती. दोन्ही टाइम्स. पत्रिकांच्या गिऱ्हाइकांना एकच लाल रंग दोनदा दाखवायची इथली रीत मला माहीत होती. निवडल्याचं समाधान त्यांना, मालकांना कटकट नाही. पुस्तकालाही तीच लावतील, असं वाटलं नव्हतं.

सरांनी पानं नाकाशी नेली. "अ कोरडा आहे. ब मध्ये डौल आहे. हे कळायला आयुष्यभर इंग्रजी शिकवावं लागतं."

"वा सर. आमाले काय समजते त्यातलं," मालक म्हणाले. मशीनवरचे काका तोंड फिरवून हसले.

माझं पान टेबलाखाली रद्दीत पडलं होतं. मी ते उचलून सरांपुढे ठेवलं.

"सर, अ आणि ब एकच आहेत. वेगळं हे आहे."

सरांनी अ आणि ब वरच्या एकाच अक्षरावर अंगठा ठेवून पाहिलं. त्यांना कळलं. कान लाल झाले. मग ते मालकांना म्हणाले, "ही माझ्या वर्गात असती तर बाहेर उभी केली असती."

"लाडावलेली हाये, सर. पोरी, माफी माग."

"इंग्रजीत," सर म्हणाले. "पूर्ण वाक्यात."

मी मागितली. काका आता उघड हसत होते.

सर गेल्यावर मालक म्हणाले, "काऊन बोलली वं मधात? पुस्तकं गेली आता तुही. पण हे टाइप तर तूच करजो, दुसऱ्या कोणाले इंग्रजी येते इथं?"

मी ते सगळं ब मध्ये लावलं. शेवटच्या पानावर सरांनी मालकांचे आभार मानले होते, अक्षराची जाण असलेला माणूस म्हणून. ते वाक्यही मीच टाइप केलं.