शेवटचा गोल मंगेशनंच मारला

परवा भाजीबाजारात एका बाईंनी मला साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं गणित शिकवतेय... पण खरंच नाही देता आलं.

आधी थोडं मागचं सांगते. आमच्या मंगरूळपीरच्या फुटबॉल संघाला मागच्या वर्षापर्यंत कोणी विचारत नव्हतं. बारा संघांच्या लीगमध्ये आम्ही शेवटून दुसरे. सामन्याला माझ्या नवऱ्यासारखे दहा-बारा वेडे लोक, बाकी मैदान रिकामं.

या वर्षी काय झालं कोणास ठाऊक... पहिल्या सहा सामन्यांत पाच जिंकलो, एक बरोबरीत सुटला. आम्ही चक्क पहिल्या नंबरवर! मंगेश दर सामन्याला गोल मारत होता. हा माझा सातवीतला विद्यार्थी, आता चोवीस वर्षांचा आहे. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे, सकाळी पालक-मेथी काढायची आणि संध्याकाळी प्रॅक्टिस.

मीही मैदानावर जायला लागले. आधी नवऱ्यासोबत, मग नवऱ्याच्या आधी. ऑफसाइड काय असतं ते मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डस्टर आणि खडू मांडून समजावलं आहे... हसू नका.

आणि मग सगळं निसटत गेलं. एक हरलो, दुसरा हरलो, एक कसाबसा बरोबरीत, पुन्हा एक हरलो. दर वेळी वाटायचं, पुढच्या रविवारी सावरतील.

या रविवारी शेवटचा सामना होता. नुसती बरोबरी झाली असती तरी पहिल्या चारात जाऊन पुढची फेरी मिळाली असती. संपायला पाच मिनिटं होती, एकही गोल नव्हता. समोरच्यांचा कॉर्नर आला, मंगेश मदतीला मागे धावत आला, उंच उडी मारून डोकं लावलं... आणि चेंडू आमच्याच जाळीत.

मी उठले आणि सरळ स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. माझे हे मात्र शेवटपर्यंत तिथे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्यांचाच राग आला.

रात्री जेवताना हे म्हणाले, "पाचवे आलो आपण. मागच्या साली हे कोनी सपनात तरी पाह्यलं होतं का?" मी म्हटलं, मागच्या वर्षी मला आशाच नव्हती, म्हणून त्रासही नव्हता. दोघांचंही बरोबर होतं बहुतेक...

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर समोर कौसल्याकाकू, मंगेशच्या आई. मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मनात म्हटलं, आता काय बोलू? अभिनंदन म्हणू, की वाईट झालं म्हणू?

मी काही बोलायच्या आत त्यांनीच मला खाली बसवलं. "बाई, तुमी तं मॅच पाहाले जाता. मले एक सांगा. लोकं म्हनते शेवटचा गोल मंगेशनंच मारला... मंग आपन हारलो कसे?"

मी सांगितलं. चेंडू कुठे गेला, कसा गेला, त्याची चूक नव्हती, सगळं. काकू ऐकत होत्या आणि हातातली जुडी उगाच सोडून पुन्हा बांधत होत्या.

"कालपासून भाकर नाही खाल्ली त्यानं. आन् सकाळपासून मानसं येऊन राह्यले, पाठीवर थाप मारून राह्यले, लय नाव काढलं म्हनते. घरात थो कायी बोलत नाही. बाई, मी हासू का रडू?"

मी म्हटलं, "काकू, मागच्या वर्षीपेक्षा खूप चांगलं झालं."

"मंग थो रडते कायले?"

"कारण मधे आपण लई वर गेलो होतो ना..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहिलं आहे. मग हळूच म्हणाल्या, "ते जाऊ द्या. आज घरी गोडाचं करू का नको, एवढं सांगा."

बाजूचा माणूस वांगी तोलत होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं... शेवटी म्हटलं, "करा काकू." का करा, ते मला सांगता आलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

काल शाळा सुटायच्या वेळी मंगेश स्टीलचा डबा घेऊन आला. डोळे सुजलेले होते. "आईनं शिरा पाठवला. तुमीच करायले सांगतला म्हने... काहून, बाई?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे."

त्याने डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाला, "मले बी समजून नाही राह्यलं. काल दोन वाट्या खाल्ल्या, आन् खाता खाता रडू आलं." आणि असं म्हणून चक्क हसला.

आम्ही पायरीवर बसून डबा संपवला. त्या गोलाबद्दल एक शब्दही निघाला नाही. मी मेथीवर यंदा भुरी रोग पडलाय का विचारलं, त्याने माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं.

अभिमान वाटून घ्यावा की वाईट, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात आजही दोन मतं आहेत, आणि दोन्ही कधी कधी माझीच असतात. पण भर बाजारात एका आईने आपल्या मुलाचं दुःख विश्वासाने माझ्यापुढे ठेवलं... कौसल्याकाकू, त्यासाठी तुमचे आभार.