कारखान्यापेक्षा जवळ

दुष्काळाच्या त्या साली माय लिंबागणेशकडच्या चारा छावणीत गुरांपाशीच राहायला गेली होती. छावणी आमच्या दूध सोसायटीची. दोन गायी आणि माय, तिघींचा मुक्काम एका ताडपत्रीखाली. मला जर्मनीत नर्सची नोकरी लागली, तर निरोप घ्यायलाही तिथंच जावं लागलं. एक रात्र घरी चल म्हटलं, तर म्हणाली, "आन् ह्यांना पाणी कोण दाखवल, तुजा जर्मनीवाला?"

खरं सांगते, तिनं नुसतं "नगं जाऊ" म्हटलं असतं, तर मी गेले नसते. ती म्हणेल, याचीच मला भीती होती.

शेजारच्या ताडपत्रीतले तात्या आले. "किती लांब गं तुजं ते गाव?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं. मुंबई ते फ्रँकफर्ट, साडेसहा हजार किलोमीटर, विमानानं नऊ तास.

"नऊच? आपला ट्रक कारखान्याला एक दिस एक रात घ्यायचा! मंग हे तर जवळच हाय की गं!"

तात्या आणि माय एकाच टोळीतून ऊसतोडीला जायचे, पार कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्याला. किलोमीटर कुणाला कळतात? वाटेत किती वेळा जेवावं लागेल, त्यावरून गाव किती लांब ते ठरायचं. मायनंही तेच विचारलं.

"दोनदा," मी म्हणाले. "पण विमानात देतात खायला."

"देत्यात! त्या मेल्यांना भाकरी थापता येती का?"

आणि तिनं पीठ मळायला घेतलं, तेही तीन वेळचं. ट्रक घाटात हमखास बंद पडायचा, म्हणून एका वेळची शिदोरी जास्तीची, ही टोळीची जुनी रीत.

"अगं, विमान काय घाटात बंद पडणारंय का?" मी वैतागलेच.

"शुभ बोल की जरा, भवाने!"

मला हसू आलं, आणि लगेच ते ट्रक आठवले. लहानपणी दिवाळी झाली की ती मला मावशीकडे ठेवून कारखान्याला जायची. समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून सांगायची, "त्याच्या पल्याडच हाय कारखाना. हाक मारली तरी ऐकू येती." ट्रक निघाला की बाकीची पोरं भोकाड पसरायची. मी हात हलवत हसत उभी राहायचे.

भाकऱ्या फडक्यात बांधताना माय हळूच म्हणाली, "तात्याला बोलू दे. मला म्हाईत हाय, लई लांब हाय."

मी फडक्याचं दुसरं टोक धरलं, तसं तिनं विचारलं,

"कारखाना डोंगरापल्याड न्हवता, हे तुला कवा कळलं?"

"पहिल्याच वर्षी. मावशीनं सांगितलं."

"मंग रडत का न्हवतीस?"

"तू ट्रकमधून उतरली असतीस."

तिनं गाठ मारली, सोडली, परत मारली. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि चल म्हणाली, चाऱ्याचा टेम्पो तुझ्यासाठी थांबलाय.

टेम्पो हलला तसं मी मागं बघितलं. एक हात गायीच्या मानेवर ठेवून माय दुसरा हात हलवत होती. तोंडभर हसत होती. दिसेनाशी होईपर्यंत ती हसतच राहिली, आणि मी टेम्पोतून उतरले नाही.