समोरच्या घरातला बँड

नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, हे अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावात डॉक्टर सोडले तर आम्हा दोघांना आणि समोरच्या शेजाऱ्यांनाच माहीत होतं. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी ओळखलं. केमो झाली की दोन दिवस नवऱ्याच्या कमरेला औषधाच्या पंपाची छोटी पिशवी असते. सैल शर्ट घातला की कुणाच्या लक्षात येत नाही. पण एकदा मेलबॉक्सपाशी शेजाऱ्यांनी ती पाहिली आणि म्हणाले की त्यांच्या बायकोचीही अशीच होती. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. पुढे काही विचारलं नाही. त्या आठवड्यापासून आमच्या अंगणातलं गवत ते कापायला लागले.

बाकी कुणाला सांगायचं नाही, असा नवऱ्याचा हुकूम होता. इथल्या मराठी मंडळात कळलं की कुणी गव्हांकुराचा रस आणेल, कुणी मामेसासऱ्यांची हकीकत सांगेल, आणि सगळे आमच्या सोफ्यावर बसून हळू आवाजात बोलतील. त्याचं अगदीच चूक नव्हतं. वजन उतरलं तेव्हा मंडळाने कारण स्वतःच शोधून काढलं: डाएट. गणपतीत लोक त्याला विचारत होते, भात सोडला का? तोही निर्लज्जपणे सांगायचा, संध्याकाळी सातनंतर काही खात नाही. दोघातिघांनी ते सुरूही केलं.

अडचण माझी होती. दर पंधरा दिवसांनी त्याला केमोला न्यायचं, मग पंप काढायला न्यायचं. माझी रजा संपत आली होती आणि इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता. म्हणजे नोकरी टिकायला हवी आणि त्यासाठी गाडी चालवणारं आणखी एक माणूस हवं. शेजाऱ्यांची नजर अधू झालेली, ते हायवेवर जात नाहीत. मुलगी बॉथेलला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मंडळात सांगू या, असं मी नवऱ्याला सरळ म्हटलं. तो म्हणाला, टॅक्सी करीन. केमोनंतर ज्याला कारमध्ये दोनदा उलटी होते तो माणूस टॅक्सी करणार होता.

अशात शेजाऱ्यांनी आमंत्रण दिलं. ते आणि त्यांच्या बँडमधले मित्र दर वर्षी या कॅन्सरच्या संशोधनासाठी कंट्री म्युझिकचा कार्यक्रम करतात. तिकिटाचे सगळे पैसे संशोधनाला जातात. कंट्री म्युझिक म्हणजे सिग्नलला शेजारच्या पिकअप ट्रकमधून येतं ते, एवढीच नवऱ्याची ओळख. पण आपलं गवत कापणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

डोंगरांच्या दिशेला तासाभरावर जत्रेचं मैदान होतं. गवतावर घडीच्या खुर्च्या, मक्याच्या कणसांचा वास, बऱ्याच डोक्यांवर हॅट. दारावरची बाई प्रत्येकाला विचारत होती, कुणासाठी आलात? नवरा म्हणाला, शेजाऱ्यांसाठी. मी म्हटलं, हा पेशंट आहे. तिने त्याला जांभळा रुमाल दिला. पेशंट लोक तो गळ्यात बांधतात. त्याने घडी करून खिशात टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे चालू लागले.

खुर्च्यांपाशी पोचलो तर मंडळातल्या एक वहिनी आणि त्यांचे मिस्टर बसलेले. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, गाडीत परत जाऊ. पण वहिनींनी पाहिलं होतं. त्या उठून आल्या आणि मला मिठीच मारली.

"अगं, तुम्ही आलात! ग्रुपवर सगळ्यांना मेसेज टाकला होता. एकाने साधा अंगठा दिला नाही."

त्यांची मुलगी घोड्यांची डॉक्टर आहे. लहानपणी व्हायोलिन शिकली, आता सुटीच्या दिवशी या बँडमध्ये वाजवते. तो मेसेज आम्ही वाचलाही नव्हता.

"यायलाच हवं होतं वहिनी," नवरा म्हणाला. मी स्टेजकडे बघितलं.

शेजारी स्टील गिटार घेऊन बसले होते. तारांवरून लोखंडी दांडी सरकवायची की सूर एका जागेवरून दुसरीकडे वाहत जातो. नवरा मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत माइक सांभाळतो, त्याचा कान चांगला आहे. थोड्या वेळाने तो म्हणाला, ही तर मींड आहे. वहिनींचे मिस्टर म्हणाले, हेच मी मंडळात सांगत असतो, पण तिथे कोण ऐकतंय.

मध्यंतरात वहिनींनी चकल्यांचा डबा काढला. नवऱ्याने एक घेतली आणि हातातच धरून ठेवली.

"खा हो भावजी. एक दिवस डाएट मोडलं तर बायको मारणार आहे का?"

मध्यंतरानंतर शेजारी माइकपाशी आले. त्यांना चारचौघांत बोलता येत नाही. आभार मानले, बायकोचा उल्लेख एका वाक्यात उरकला आणि म्हणाले, हा आजार घेऊन जगणारे जे कुणी इथे असतील त्यांनी उभं राहावं, पुढची धून त्यांच्यासाठी. पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई वॉकर धरून उठायला लागली. बराच वेळ लागला. उभी राहिल्यावर तिने मागे वळून पाहिलं. दुसरं कुणीच उठलं नव्हतं. शेजाऱ्यांनी आमच्याकडे मुळीच बघितलं नाही. ते तारांकडे बघत राहिले आणि वाजवायला सुरुवातही करेनात.

"एकटीच आहे ती," नवरा म्हणाला, चकली माझ्या हातात दिली आणि उठला. खिशातून रुमाल काढला, बांधावा कसा हे न कळून नुसता हातात धरला. त्या बाईने त्याला पाहिलं आणि मान हलवली. मग मागून आणखी एक माणूस उठला. वहिनींची मुलगी या काकांना लहानपणापासून ओळखते. तिचा व्हायोलिनचा गज तारांवर उशिरा उतरला, पण उतरला.

धून संपेपर्यंत वहिनींनी माझा हात घट्ट धरून ठेवला. नवरा बसल्यावर त्यांचे मिस्टर म्हणाले, "केमोला गाडी कोण चालवतं?"

मी म्हटलं, मी.

"मी रिटायर झालोय. मला सकाळी काय काम असतं?"

"पेपर वाचून मला बातम्या सांगतात," वहिनी म्हणाल्या. "न्या यांना, माझ्यावर उपकार होतील."

नवऱ्याने रुमालाची पुन्हा घडी केली. "गाडीत तब्येतीवर बोलायचं नाही," तो म्हणाला.

"मग कशावर बोलू?"

"मींडेवर बोला."

पुढचं स्कॅन यायचं आहे, ते कसं येईल हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या संध्याकाळचे आभार कुणाचे मानायचे हे मला पक्कं माहीत आहे. शेजाऱ्यांना मी सांगितलं, तर ते गवताच्या मशीनकडे बघत राहिले. पहिल्या रांगेतल्या बाईंना सांगता आलं नाही, गर्दीत त्या दिसल्या नाहीत.

आता केमोच्या दिवशी मी ऑफिसात असते. वहिनींचे मिस्टर सकाळी दारात हॉर्न वाजवतात, आणि नवरा उशीर झाला म्हणून त्यांनाच ओरडत बाहेर पडतो. दोघं गाण्यावरून इतक्या मोठ्याने वाद घालतात की नर्सने त्यांना कोपऱ्यातली खोली दिली आहे. दुपारी नवऱ्याचा फोन येतो: काळजी करू नकोस, आम्ही वाटेत जरा थांबलोय. कुठे, ते सांगत नाही. मीही विचारत नाही, मीटिंगमध्ये परत जाते.