नखाची रेघ

नमस्कार-बिमस्कार बाईंकडे नव्हताच. ओळखीचं माणूस दिसलं की त्याचा हात ओढायचा, बाही वर सारायची आणि कोपरापासून मनगटापर्यंत नखानं एक रेघ ओढायची. रेघ पांढरी उमटली की निकाल जाहीर, "खडू झालाय की गं तुझा!"

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच, दुसऱ्याच्या कातडीवर आपला हक्क आहे असं समजणारं. आमच्या या बाई शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर होत्या आणि राहायलाही आमच्याच गल्लीत, तालमीच्या मागं. वडील कुस्तीगीर, म्हणून गल्ली त्यांना पैलवानबाई म्हणायची. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची छाती तालमीतल्या पैलवानांनाही नव्हती.

दिवाळी सरली, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली की बाईंचा हंगाम सुरू. दूधवाल्याला दारातच थांबवायच्या. "टाचा बघ की जरा. दुभत्या म्हशीचा मालक आन् पाय दुष्काळी?" पोस्टमनला म्हणायच्या, "पावणं, ओठ चाटू नका, आनखी फुटत्यात." तो बिचारा पत्र टाकून पळायचा.

माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझ्या मते फार देखणी होते. हे मत माझ्याखेरीज कुणाचं होतं, याचा शोध अजून लागलेला नाही. थंडीत गाल तडतडायचे म्हणून मी कोल्ड क्रीम आणलं आणि इडलीला चटणी लावावी तसं तोंडाला थापून वर्गावर गेले. फळा लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. पोरं माझ्याकडे टक लावून बघत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मला वाटलं, वर्ग आपल्या रूपावर खूश आहे. मी आणखी जोरात फळा पुसला.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गातून बाई आल्या. माझ्या गालावर नखानं रेघ ओढली आणि नखात जमलेला पांढरा लगदा मलाच दाखवला.

"तोंडाचा फळा केलास की गं! डस्टर आणू व्हय?"

खडूची सगळी भुकटी क्रीमवर बसली होती. तेव्हापासून आमची दोस्ती.

दुसऱ्यांना शिकवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःचं विचाराल तर सगळा उलटा कारभार. सकाळी बंब असा पेटवायच्या की वाफ गल्लीत यायची. "पाणी अंगावर घेतलं की वरडायला आलं पायजे, न्हाईतर ती अंघोळ न्हवं." वर दगडानं घासणं, वर कपड्यांच्या साबणाचा उरलेला तुकडा. अंगाला काही लावता का विचारलं तर, "मला कशाला? मी काय नवरी हाय?" आणि हात पदराखाली जायचे.

ते पदराखालचे हात बँकेत उघडे पडले.

आम्हा पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे मशीनवर अंगठा ठेवायचा आणि मशीननं सांगायचं की हे माणूस अजून आहे. मागच्या वर्षी आम्ही दोघी गेलो. माझं झालं. बाईंनी अंगठा ठेवला. लाल दिवा.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, अंगठा येत नाही."

"येत न्हाय म्हंजे? हाताला लागलेलाच हाय की!"

"आधारमधल्या अंगठ्याशी जुळत नाहीये."

"आयुष्यात माझं कुणाशी जुळलं न्हाय, ह्या डबड्याशी काय जुळतंय!"

सगळी बोटं झाली. दर वेळी लाल. मुलगी समजावून सांगत होती, कातडी फार सुकली की मशीनला रेषा सापडत नाहीत, थंडीत रोज कुणी ना कुणी परत जातं. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, नाहीतर एखाद्या साहेबांची सही आणा, या हयात आहेत म्हणून.

बाई ताठ झाल्या. "मी हाय हे दुसरा सांगणार? मग हितं बोलतंय कोण, भूत? अंगठ्यानंच करीन."

दाखला झाला नाही तर पेन्शन थांबणार होती आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. पण घरी येईपर्यंत पेन्शनचं अवाक्षर नाही. जन्मभर दुसऱ्यांना कोरडं ठरवलं आणि एका डबड्यानं आपल्याला ठरवलं, हे जिव्हारी लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांचा उपाय काढला. तालमीत उतरावं तसं कोपरापर्यंत तेल चोपडून बँकेत गेल्या. अंगठा ठेवला की सटकायचा. काच तेलकट, मशीन बंद, मागं म्हाताऱ्यांची रांग खोळंबलेली. रांगेतनं एक आजोबा ओरडले, "काय बाई, बँकेत कुस्ती हाय व्हय?"

बाईंनी तेलकट हात पदराखाली घेतले आणि मान खाली घालून बाहेर पडल्या. पैलवानबाई, आणि मान खाली. मी पहिल्यांदाच घाबरले.

घरी आल्यावर तेल साबणानं धुऊन टाकलं आणि त्यांचा हात धरून मीच नखानं रेघ ओढली. दिसलीच नाही. पांढऱ्यावर पांढरी काय दिसणार? कातडीला नदीच्या सुकल्या गाळासारख्या भेगा होत्या.

मग मी सूत्रं हातात घेतली. माझ्या नातीच्या कपाटात बाटल्यांची रांग आहे. ती म्हणाली, "आजी, काय लावायचं ते नंतर. आधी कढत पाणी बंद करा. आणि अंग ओलसर असतानाच लावा." बंब बंद केला तेव्हा बाईंनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. रोज दुपारी त्यांच्या पायरीवर कोमट पाण्यात हात बुडवायचे, टिपायचे, आणि व्हॅसलीन. वरून नातीचे स्कूटरवर घालायचे गुलाबी फुलांचे हातमोजे. तालमीतली पोरं मुद्दाम त्या वाटेनं जायला लागली.

"बघताय काय रं? लगीन हाय माझं!"

सुरुवातीला हात मागून घ्यावा लागायचा. पुढं मी बसले की तो आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन पडायचा, मांजरासारखा. तोंड मात्र रस्त्याकडं. एकदा तशाच रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "हात कुणी धरलेला लई दिवसांत आठवत न्हाय गं." मी तो हात आणखी जवळ ओढला आणि नुसतं चोळत राहिले.

महिना संपायच्या आत पुन्हा बँकेत गेलो. हात स्वच्छ धुऊन, पुसून. हिरवा दिवा. "हाय की मी!" बाई अशा ओरडल्या की मॅनेजर बाहेर आला. मग काउंटरवर वाकून त्यांनी त्या मुलीचा हात ओढला आणि रेघ मारली. "तू बी खडू! एसीत बसतीस न्हवं? लावत जा कायतरी."

माघ सरता सरता बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स.

व्हॅसलीनची डबी माझ्याकडे राहिली. व्हॅसलीन बाई स्वतःच उकरायच्या, बोटानं नाही, त्या अंगठ्यानं. डबीत त्यांच्या अंगठ्याचा खड्डा तसाच होता. मी ती कपाटात जपून ठेवली, हळवी होऊन. म्हाताऱ्या बायकांना कधीकधी पुन्हा तरुणपणचा बावळटपणा सुचतो. चैत्रात उघडून बघितली, तर उन्हाळ्यानं सगळं वितळून सपाट केलेलं.

परवा दाखल्याला एकटीच गेले. माझा अंगठा पहिल्याच फटक्यात हिरवा. शेजारच्या खिडकीवर एक गृहस्थ लाल दिव्याकडे आणि आपल्या अंगठ्याकडे आळीपाळीनं बघत होते. माझा हात कधी गेला कळलं नाही. त्यांची बाही वर, नखाची रेघ, आणि माझ्याच तोंडून, "खडू झालाय की पावणं तुमचा!"

ते दचकले. मीही.

काउंटरवरच्या त्याच मुलीनं हसत काचेखालून आपला हात पुढं सरकवला. "माझाही बघा, आजी."

मी रेघ ओढली. मऊ हातावरून नख नुसतं घसरत गेलं. काही उमटलं नाही.